मोठ्या आईची खुर्ची

मला या सगळ्या प्रकाराचं नीट काही कळलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे शेवटी कोणी मलाच विचारायला नको.

माझे वडील वेताच्या खुर्च्या विणतात. गावातले लोक त्यांना खुर्चीवाले म्हणतात, मी पप्पा म्हणते, आणि आई नुसतं "अहो" म्हणते. त्या एका "अहो"मध्ये ती राग, लाड, दार लावा आणि दूध आणा हे सगळं बसवते. दुकान चौकापलीकडे आहे. पुढे एक फळी, आत भिंतीला टांगलेले वेताचे भारे, कोपऱ्यात पाण्याचा टब आणि त्यात भिजत पडलेल्या पट्ट्या. पप्पा बुटक्या स्टुलावर बसतात, खुर्ची मांडीवर पालथी घेतात आणि पुढची पट्टी हाताशी राहावी म्हणून दातात धरतात. त्यामुळे गिऱ्हाइकांना त्यांचं निम्मं बोलणं कधीच कळलेलं नाही. निम्म्यावर धंदा नीट चालला, याचं मला नवल वाटतं.

प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या तेव्हा आता आपलं आटोपलं असं त्यांना वाटलं होतं. पण उलटंच झालं. लोक माळ्यावरून आजोबांच्या, आत्याच्या खुर्च्या काढून आणू लागले आणि म्हणू लागले, "अगदी पहिल्यासारखी करून द्या." पप्पा म्हणायचे, "पहिल्यासारखी नाही होणार. घट्ट होईल." मग माणसं घट्ट बैठकीवर बसून बघायची आणि त्यांचा चेहरा पडायचा. त्यांना आजोबा बसून बसून पडलेला तो खड्डा हवा असायचा. पप्पा आम्हाला घरी येऊन सांगायचे, "गेलेल्या माणसाचा खड्डा मी कुठून विणू?" हे सांगताना त्यांची नजर हटकून खिडकीखालच्या खुर्चीकडे जायची.

त्या खुर्चीबद्दल सांगायला हवं. पप्पांचं आईच्या आधी एक लग्न झालं होतं. तिला मी मोठी आई म्हणते, पण पाहिलेली नाही. ती लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. तिचा फोटो बैठकीच्या खोलीत आहे. बारीक अंगाची, मोठ्या डोळ्यांची मुलगी, हसू दाबून उभी आहे. काम शिकवणाऱ्या उस्तादांचा हात न लागता पप्पांनी एकट्याने विणलेली पहिली खुर्ची त्यांनी तिलाच दिली होती. ती गेल्यावर त्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही असं ठरलं. म्हणजे ठरवलं पप्पांनी, ऐकलं बाकीच्यांनी.

रोज संध्याकाळी दुकानातून आले की पप्पा हातपाय धुतात, त्या खुर्चीपुढे गुडघे टेकतात, बैठकीतल्या खड्ड्यावर उजवा तळहात ठेवतात आणि डोळे मिटतात. प्रार्थना लांबलचक असते. आजारी माणसं, उधार नेलेली माणसं, पाऊसपाणी, सगळं येतं. शेवटचं वाक्य मात्र माझ्या लहानपणापासून एकच आहे. "भेट होईपर्यंत तिला सांभाळ." मग आमेन. मग चहा. आई तोवर चहा गाळून, कपावर बशी झाकून उभी असते. सवतीसाठीच्या प्रार्थनेत चहा निवू नये म्हणून बशी झाकणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

आता खरी गोष्ट. त्या खुर्चीवर रोज दुपारी आई बसते.

मला हे शाळेत असताना कळलं. ताप आला म्हणून मला दुपारीच घरी पाठवलं होतं. दार लोटून पाहते तर आई मोठ्या आईच्या खुर्चीत, पाय स्टुलावर, मांडीवर पप्पांचा शर्ट, सुई तशीच टोचलेली आणि स्वतः घोरतेय. माझ्या चाहुलीने जागी झाली. "काय बघतेस? घरात हीच एक खुर्ची धड आहे," ती म्हणाली. खोटं नव्हतं. बाकीच्या खुर्च्यांच्या बैठका फाटलेल्या, एकीवर तर पाट ठेवलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरी बघायला मिळायचा. गावभर बैठका विणणाऱ्याला घरच्यांसाठी सवड कधी नव्हतीच. "आणि पप्पांना सांगायचं काही कारण नाही," आई पुढे म्हणाली, "त्यांचं आहे ते त्यांचं आहे. माझ्या पाठीचं दुखणं माझं आहे." फाटक करकरलं की ती उठायची, शर्ट उचलायची, स्टूल सरकवायची. पप्पांची सायकल आत येईपर्यंत खुर्ची पुन्हा मोठ्या आईची झालेली असायची.

असं चाळीस वर्षं चाललं. आणखी चाललं असतं, पण आमच्या चर्चच्या मंडळीच्या सेक्रेटरींनी एका रविवारी उपासना संपल्यावर उभं राहून सांगितलं की कबरस्तान भरलं. आता नवी जागा गावाबाहेर, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे मिळाली आहे. ज्यांच्या जुन्या कबरीत आणखी एकाची सोय आहे, त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत नाव सांगावं. नाहीतर ती कबर वरून सिमेंट घालून कायमची बंद होईल.

मोठ्या आईची कबर तशीच होती. तेव्हा तिशीही न गाठलेल्या पप्पांनी खणणाऱ्याला सांगितलं होतं, "खोल खण. मीही इथेच येणार आहे." खालचा थर तिचा, वरचा मोकळा.

मी आईकडे पाहिलं. आई प्रार्थनेचं पुस्तक पिशवीत घालत होती. ते पिशवीत जाईना. तिने ते आडवं घातलं, उभं घातलं, परत आडवं घातलं.

घरी जाताना तीच म्हणाली, "तुमचं नाव देऊन टाका. आधीच ठरलेलं आहे."

"आणि तू?" पप्पांनी विचारलं.

"मी जाईन टाकीपलीकडे. हवा चांगली आहे म्हणतात."

"एकटी?"

"उठायचंच आहे ना शेवटच्या दिवशी कबरीतून सगळ्यांनी? मग गाडी कुठल्या स्टॉपवरून पकडली याने काय फरक पडतो?" आई असं हसत हसत बोलते तेव्हा तिच्याकडे बघू नये. मी बघितलं.

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. लोकांना गोळ्या कधी घ्यायच्या, जेवणाआधी की नंतर, हे दिवसभर सांगते. आईवडिलांना मात्र काय सांगावं ते मला सुचेना. मला राग येत होता, आणि कोणावर ते ठरत नव्हतं. पप्पांवर म्हणावं तर त्यांनी आईला कधी उलट शब्द बोललेला नाही. मोठ्या आईवर म्हणावं तर ती बिचारी फोटोत हसू दाबून उभी.

दोन दिवसांनी पप्पा माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "पाळकांकडे जायचंय. तू चल. मला नीट विचारता येणार नाही."

आमच्या चर्चचे पाळक माझ्यापेक्षाही लहान आहेत. सज्जन माणूस. त्यांनी पंखा लावला, पाणी दिलं. पप्पांनी तोंडात पट्टी नसतानाही ती असल्यासारखंच चाचरत विचारलं, "पुन्हा उठल्यावर दोघी भेटल्या, तर मी कोणाचा?"

पाळकांनी पंख्याचा वेग कमी केला. मग म्हणाले, "काका, तिथे नवरा-बायको असं नातं उरत नाही, असं आपण मानतो."

"म्हणजे ती मला ओळखणार नाही?"

"ओळखतील ना."

"कोण म्हणून?"

"ते आपल्याला अजून माहीत नाही. पण तिथे कोणी कोणाला परकं नसेल, एवढं माहीत आहे."

पप्पांना हे पुरलं नाही. ते खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांनी जे मला कधी सांगितलं नव्हतं ते पाळकांना सांगितलं. "ती आहे, याची मला खूण आहे. घरी तिची खुर्ची आहे. वेत असा न वापरता ठेवला तर सुकतो, काडकाड तुटतो. माझं आयुष्य त्यात गेलंय, मला कळतं. ही खुर्ची चाळीस वर्षं कोणी वापरली नाही, तरी एक पट्टी तुटलेली नाही. आणि संध्याकाळी हात ठेवतो तेव्हा कधीकधी बैठक गरम असते." त्यांचा आवाज बारीक झाला. "त्या भरवशावर मी राहिलोय."

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं. त्यात एक निळं फूल होतं. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण ते मी बोलले तर या म्हाताऱ्या माणसाखालची खुर्ची मी ओढून घेणार, असं मला वाटलं. नाही बोलले तर आई टाकीपलीकडे एकटी जाणार. मी पाणी प्यायले. ग्लास रिकामा झाल्यावरही पीत राहिले.

परत येताना पप्पा म्हणाले, "ती तेव्हाच्याच वयाची असेल. बाविशीची. आणि मी हा असा." थोडं चालल्यावर म्हणाले, "मला आजोबा म्हणेल ती."

मला हसू आलं, त्यांनाही आलं, आणि मग ते रस्त्यातच उभे राहिले. आपण कुठल्या बाजूला चाललो होतो हे त्यांना आठवेना. मी दंडाला धरून वळवलं.

तो आठवडा पप्पांनी काम बिघडवण्यात घालवला. वेताच्या बैठकीत आधी उभ्या-आडव्या फेऱ्या घालतात आणि शेवटी तिरप्या. तिरपी पट्टी एकीच्या वरून तर दुसरीच्या खालून जावी लागते. हे त्यांचे हात झोपेतही करतात. पण त्या आठवड्यात वरची खाली गेली, खालची वर आली, आणि अख्खी बैठक कापून काढावी लागली. गिऱ्हाईक म्हणालं, "खुर्चीवाले, वय झालं." पप्पा म्हणाले, "कुठलं?" गिऱ्हाइकाला वाटलं थट्टा करतात.

शनिवारी मी आईपप्पांकडे जेवायला होते. पप्पांनी पाव मोडला, तसाच ताटात ठेवला आणि म्हणाले, "मी ठरवलंय. त्या जागेला नाव तुझं देणार."

आईने विचारलं, "कुठल्या जागेला?"

"तिच्या कबरीत. तू तिथे. मी टाकीपलीकडे जाईन. म्हणजे दोघी एका ठिकाणी असाल. मला शोधायला सोपं. उठलो की सरळ चालत तिकडे येईन." ते इतके भाबडेपणाने बोलत होते की हा मनुष्य आठवडाभर याच हिशेबात होता हे दिसत होतं. एकीवरही अन्याय नको, म्हणून स्वतःला बाहेर ठेवून त्यांनी वाटणी केली होती.

आईने हातातला चमचा खाली ठेवला. ती उठून उभी राहिली. माझी आई जेवताना कधी उठत नाही.

"चाळीस वर्षं मी तिच्या खुर्चीवर बसले," ती म्हणाली. "आता मेल्यावरही तिच्याच जागेवर बसवता? मला माझी अशी जागा कधी मिळणार आहे की नाही?"

पप्पांना निम्मंच कळलं. "खुर्चीवर?"

"रोज. तुम्ही दुकानात गेलात की."

"तो खड्डा..."

"माझा आहे. तिचा कसा असेल? दोन वर्षं नाही बसली धड, आणि अंगाने ती ही एवढी," आईने करंगळी दाखवली. "इतका खड्डा पाडायला काय तिने आत दगड भरले होते?"

"आणि ती गरम लागायची ते?"

"मी उठल्या उठल्या गरमच असणार. मी काय बर्फाची आहे?"

मग आईला आपण काय बोललो ते कळलं आणि तिने पदर तोंडाला लावला. पप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उजवा हात उलटा करून तळवा बघितला, जणू त्याला काही लागलंय. मग जेवण तसंच टाकून ते बैठकीच्या खोलीत गेले. मीही मागोमाग गेले.

त्यांनी मोठ्या आईची खुर्ची उचलली आणि दुकानातल्यासारखी मांडीवर पालथी घेतली. खालून बोट फिरवत गेले, एकेक भोक, एकेक पट्टी. आई दारात येऊन उभी राहिली.

"बसणं आहे रोजचं," ते हलकेच म्हणाले. "जगातला कोणताही कारागीर सांगेल. मला कळायला हवं होतं."

"कळत होतं तुम्हाला," आई म्हणाली. "मानायचं नव्हतं."

"असेल." ते बोट फिरवत राहिले. "मग मी इतकी वर्षं प्रार्थना कुणासाठी केली?"

"तिच्यासाठीच की."

"हात तर तुझ्या जागेवर होता."

"देवाला पत्ता समजतो, अहो."

पप्पा हसले नाहीत. "मग ती आहे का कुठे? का हेही मीच धरून बसलो?"

"खुर्ची माझ्यामुळे गरम होती म्हणून ती नाही, असं कोणी सांगितलं? तुमची आशा काय एका बैठकीवर टांगलेली होती?"

"थोडी होती," पप्पा म्हणाले.

मला एवढंच दिसत होतं की पप्पांनी मागे बघावं तर तिथली आठवण अर्धी आईची निघाली, आणि पुढे बघावं तर तिथे काय आहे हे पाळकांनाही नक्की सांगता येत नाही. मधे माझी आई उभी होती, साठी उलटलेली, खरकट्या हाताची, आणि तिच्याकडे बघायला त्यांना मान वर करावी लागत होती. खूप वेळाने त्यांनी ती केली.

"पाठ अजून दुखते?" त्यांनी विचारलं.

"दुखते."

"सांगायचं होतंस."

"सांगून काय केलं असतंत? दुसरी विणून दिली असतीत? त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर आजही पाट आहे."

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर पप्पा सेक्रेटरींकडे गेले आणि म्हणाले, "ती बंद करा. आम्ही दोघं टाकीपलीकडे." सेक्रेटरींनी दोनदा विचारून घेतलं. एकदा सिमेंट पडलं की पुन्हा उघडणार नाही, हे समजावून सांगितलं. पप्पा हो म्हणाले. मग ते एकटे कबरीपाशी गेले. मी लांब उभी होते. त्यांनी दगडावरची पानं काढली. काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा डोळे लाल होते. मी विचारलं, "बरं वाटतंय का?" ते म्हणाले, "माहीत नाही. शब्द मोडला असं वाटतंय. आणि हलकंही वाटतंय. दोन्ही एकदम कसं वाटेल माणसाला?" मला काय माहीत? मी त्यांचा रुमाल शोधून दिला.

रविवारी दुकान बंद असतं, पण त्या दुपारी जेवण झाल्यावर ते किल्ली घेऊन निघून गेले. मी आईपाशी थांबले. तिने थोडा वेळ भांडी घासली, थोडा वेळ नुसतीच ती पुसली. मग पप्पांचा शर्ट घेऊन ती मोठ्या आईच्या खुर्चीत जाऊन बसली. सवयच ती.

उन्हं उतरल्यावर फाटक करकरलं. आईची मान वर झाली. हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले. मी वाट बघत होते ती उठण्याची. ती उठली नाही. तिने सुई परत कापडात घातली आणि पुढचा टाका घेतला. टाका कुठल्या कुठे गेला.

पप्पा आत आले. खांद्यावर नव्या वेताचा एक भारा होता, तो त्यांनी दाराशी ठेवला. हातपाय धुतले. खिडकीखाली आले आणि आईसमोर थांबले. खुर्ची भरलेली होती. हात ठेवायला जागा नव्हती. ते तसेच गुडघे धरून हळूहळू खाली बसले, हात हवेत राहिला, कुठे जावं ते त्याला कळेना. आईने मांडीवरचा शर्ट थोडा बाजूला केला. तेवढ्या जागेत तिच्या गुडघ्यावर तो हात टेकला.

त्यांनी प्रार्थना केली. आजारी माणसं आली, उधार नेलेली आली, ज्याची बैठक चुकवली होती ते गिऱ्हाईकही आलं. मग ते शेवटच्या वाक्यापाशी आले. "भेट होईपर्यंत तिला सांभाळ," म्हणाले आणि अडले. डोळे मिटलेलेच. ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हता. शेवटी म्हणाले, "आणि हिलाही."

"मला तुम्ही सांभाळा," आई म्हणाली. "मी अजून इथेच आहे."

पप्पांनी आमेन म्हटलं. ते त्यांच्या वाक्याला होतं की तिच्या, हे मला अजून कळलेलं नाही. मी उठून चहा टाकला, आणि त्या दिवशी कपांवर बशी झाकायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.